हे सर्वनाम कोणाचं?

'सर केम टुडे. दे टॉट अस अ पोएम.' सातवी-आठवीच्या इंग्रजीच्या वहीत अशी वाक्यं नेहमी सापडतात. शिक्षक 'दे'वर लाल रेघ मारतात, वर 'ही' लिहितात आणि पुढची वही उघडतात. आज मला त्या लाल रेघेविषयी बोलायचं आहे, कारण मुलाच्या हातून तिथे निष्काळजीपणा झालेला नसतो. सरांना 'तो' म्हणायचं नाही, 'ते' म्हणायचं, हे त्याला घरानं शिकवलेलं असतं. आपल्या वऱ्हाडीत 'त्याईनं सांगतलं' म्हणताना तो हाच मान राखतो. इंग्रजीच्या 'ही' आणि 'शी'मध्ये मान दाखवायची सोय नाही. राष्ट्रपती असोत की शाळेचा शिपाई, एकटा पुरुष 'ही', एकटी बाई 'शी'. मान द्यायचा तो 'सर', 'मॅडम', 'मिस्टर' या शब्दांनी. हे कारण मुलाला कळलं पाहिजे. नुसत्या रेघेनं ते कळत नाही.

आपलं मुकुटबन झरी-जामणी तालुक्यातलं. पैनगंगा ओलांडली की तेलंगण. बाजारात मराठी कानावर येते, तेलुगू येते, गोंडी येते, आणि पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, आलेल्या माणसांची कोलामीही येते. या भाषांत सर्वनामांची मांडणी वेगवेगळी आहे, आणि इंग्रजीच्या वर्गात ती सगळी एकाच बाकावर बसते. तेलुगूत 'अदि' हे सर्वनाम वस्तूला चालतं, जनावराला चालतं आणि घरगुती बोलण्यात बाईलाही चालतं. आदरानं बोलायचं तर 'आमे' आहे. कोलामी आणि गोंडीतही एकवचनात पुरुष एका बाजूला आणि स्त्री व वस्तू दुसऱ्या बाजूला, अशीच विभागणी आहे. एमेनो या भाषाशास्त्रज्ञाचा कोलामीवरचा ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला, त्यात ही व्यवस्था नोंदलेली आहे. म्हणजे पोडावरचं मूल आईविषयी लिहिताना 'इट' लिहून गेलं, तर त्यात आईचा अनादर नाही आणि अडाणीपणाही नाही. त्याच्या भाषेचं शिस्तशीर व्याकरण तिथे बोलत असतं.

मराठी बोलणाऱ्या मुलाची अडचण दुसरीच. आपल्याकडे बस 'ती', ट्रॅक्टर 'तो' आणि झाड 'ते'. इंग्रजीत या तिघांना मिळून एकच 'इट'. हे मुलं लवकर शिकतात. खरी फसगत होते 'हिज' आणि 'हर'मध्ये. 'प्रकाश वेंट विथ हर मदर', असं मूल लिहितं. का? तर 'त्याची आई' या शब्दांतलं 'ची' आईकडे बघून आलेलं आहे, आणि मुलानं तेवढंच धरलं. मराठीत 'त्या' हा भाग मालक सांगतो आणि 'ची' हा भाग मालकीचं माणूस किंवा वस्तू सांगतो. इंग्रजी फक्त मालकाकडे बघते. प्रकाश मुलगा, म्हणून 'हिज', मग पुढे आई असो, बहीण असो की गाय असो. फळ्यावर 'त्याची' हा शब्द मधून तोडून दाखवला, तर बहुतेक मुलांच्या ध्यानात येतं.

मराठीजवळ आणखी एक मोठी सोय आहे, 'आपला'. 'रमेशनं महेशला आपल्या घरी नेलं' म्हटलं, की घर रमेशचं. 'त्याच्या घरी सोडलं' म्हटलं, की बहुधा महेशचं. इंग्रजीत दोन्हीकडे 'हिज हाउस'. वाचणाऱ्यानं काय समजायचं? अशा जागी व्याकरण शुद्ध असूनही लेखन चुकलेलं असतं, आणि परीक्षेत त्याचे गुणही कापले जात नाहीत. म्हणून मला ही चूक 'दे'च्या चुकीपेक्षा जास्त गंभीर वाटते.

आता सर्वनामांच्या सातत्याविषयी, म्हणजे सुरुवातीला घेतलेलं सर्वनाम शेवटपर्यंत टिकवण्याविषयी. राज्यातल्या सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० सालापासून. त्यानंतर शिकलेली मुलं आज नोकरीचे अर्ज लिहितात. गावात २०२२ मध्ये सिमेंटचा कारखाना सुरू झाला, तेव्हापासून इंग्रजी अर्जाची गरज घराजवळ आली. अर्जाची सुरुवात 'आय'नं होते, मधेच 'वुई' येतं, शेवटी 'द अ‍ॅप्लिकंट' आणि त्याच्यामागे 'ही'. लिहिणारी मुलगी असली तरी 'ही'! अर्ज एकाचा असेल, तर पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत 'आय'च हवं. गावातल्या लोकांनी मिळून लिहिलं असेल, तर आधी 'मुकुटबनचे आम्ही रहिवासी' हे इंग्रजीत स्पष्ट लिहावं आणि मग 'वुई' वापरावं. मराठीत 'आम्ही' म्हटलं की समोरचा अधिकारी बाहेर राहतो आणि 'आपण' म्हटलं की आत येतो. इंग्रजी 'वुई' हा फरक दाखवत नाही, तो लिहिणाऱ्यालाच दाखवावा लागतो.

'फार्मर' म्हटलं की पुढे 'ही' लिहायची सवय अनेकांना आहे. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या तेराव्या कलमानुसार कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धरल्या जातात. कायद्याचं ठीक आहे. पण ज्या जिल्ह्यात निंदणी-वेचणीला बायाच असतात आणि कितीतरी घरांची शेती बाईच सांभाळते, तिथल्या मुलीनं निबंधात शेतकऱ्याला 'ही' का म्हणावं? 'फार्मर्स' असं अनेकवचन घेतलं, की 'दे' आपोआप बरोबर येतं. एकट्या माणसासाठी, तो पुरुष की स्त्री हे ठाऊक नसताना, 'दे' वापरायची रीतही इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आहे. काही परीक्षक ती मानत नाहीत, म्हणून शाळेत अनेकवचनाची वाट बरी. मात्र पहिल्या परिच्छेदात 'फार्मर्स' आणि दुसऱ्यात 'ही', असं होऊ देऊ नये.

शिक्षकांना एक विनंती. आठवड्यातून एकदा मुलांना आपलाच निबंध मोठ्यानं वाचायला लावा. 'ही', 'शी', 'इट', 'दे' आलं, की बाकीच्यांनी विचारायचं, 'हू?' किंवा 'व्हॉट?' ज्याला पोडावरची भाषा येते त्यानं त्या भाषेत उत्तर दिलं तरी चालेल. जिथे उत्तर अडेल तिथे सर्वनाम खोडून नाव लिहायचं. नाव दोनदा आल्यानं इंग्रजी बिघडत नाही.