मिस फरार यांच्या गावात आपले स्वागत



अहिल्यानगरात, म्हणजे आपल्या जुन्या नगरात, सर्वांचं मनःपूर्वक स्वागत. १४९० साली मलिक अहमदनं वसवलेलं हे शहर. चांदबीबीनं मोगलांशी झुंजवलेला भुईकोट किल्ला इथला. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ नेहरूंनी याच किल्ल्यात बंदिवासात लिहिलं. ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये इथंच सुरू झालं. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई हेही आम्ही आमचेच मानतो.

ही नावं तुम्हाला ठाऊक आहेत. मिस सिंथिया फरार यांचं नाव मात्र नगरकरही विसरले, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. १८२७ मध्ये ही अविवाहित शिक्षिका अमेरिकेहून जहाजानं मुंबईला आली. १८३९ मध्ये नगरला आली ती मुलींच्या शाळा चालवत इथंच राहिली आणि १८६२ मध्ये इथंच वारली. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे घेतले ते त्यांच्याकडे! महाराष्ट्रातल्या प्रत्येक शिकलेल्या लेकीनं नगरचं हे ऋण मानावं, असं मी छातीठोकपणे सांगतो.

आपल्या परिषदेचा विषय आत्मिक मरण. मी व्यापारी माणूस, शास्त्री नव्हे. पण रविवारच्या शाळेपासून एक प्रश्न मनात आहे. फळ खाशील त्याच दिवशी मरशील, असं आदामाला बजावलं होतं. तरी उत्पत्तीच्या पुस्तकाप्रमाणे तो ९३० वर्षं जगला. मग त्या दिवशी मेलं काय? देवापासून तुटलेला आत्मा, असं ऑगस्टीनपासूनचे आचार्य सांगतात. उधळ्या पुत्राचा बापही धडधाकट परतलेल्या मुलाला मेलेला होता असंच म्हणतो. हे मरण जन्मतःच वाट्याला येतं की माणूस ते स्वतः ओढवून घेतो, आणि प्रकटीकरणातलं दुसरं मरण ते कोणतं, हे विद्वानांनी उलगडावं. मला एवढं दिसतं की, जिवंत देहात आत्मा मेलेला असू शकतो या काळजीपोटीच मिशनची माणसं समुद्र ओलांडून आली, आणि त्या काळजीतून आमच्या गावात मुलींच्या शाळा उभ्या राहिल्या.

आता व्यवस्थेविषयी. निवास वसतिगृहात आहे. खोल्या लहान आहेत, एकेका खोलीत चौघांना राहावं लागेल. उन्हाळा कडक, पाणी टँकरचं. जेवणाच्या दोन पंगती होतील; ज्येष्ठांना पहिल्या पंगतीत बसू द्यावं. काही पाहुण्यांना निमंत्रणपत्रिका उशिरा पोहोचल्या, त्यांची हात जोडून क्षमा मागतो.

मंडप विनामूल्य देणारे बंधू, धान्य पाठवणारे व्यापारी, दूध पुरवणारे राहुरीकडचे शेतकरी, पहाटेपासून चुलीपाशी राबणाऱ्या महिला मंडळाच्या भगिनी, दर रविवारी दानपेटीत आपला वाटा टाकणाऱ्या विधवा माता, या सगळ्यांमुळे ही परिषद उभी आहे. त्यांचे आभार कितीही मानले तरी थोडेच. उद्या सकाळी सात वाजता किल्ल्याकडे बस निघेल; नावं कार्यालयात आजच नोंदवावीत. अध्यक्ष महोदयांनी आता आसनस्थ होऊन कामकाज सुरू करावं, अशी विनंती करतो.