बुडीत खाती



पत्रिकेत विषय ‘गेलं ते गेलं’ असा छापलाय. माझी हयात सहकारी बँकेच्या वसुली विभागात गेली, तेव्हा मी थकबाकीवरच येणार हे संयोजकांना ठाऊक होतं. तक्रार त्यांच्याकडे करा. (हशा)

तुकोबांचं चरित्र तुम्हाला काय सांगायचं! 1630च्या सुमाराचा दुष्काळ, दुकान बुडालं, पहिली बायको रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. मला बोलायचंय ते कर्जखतांबद्दल. घरात सावकारी होती, लोकांकडून येणं होतं. परंपरा सांगते, तुकोबांनी खतांच्या दोन वाटण्या केल्या. अर्धी खतं धाकट्या कान्होबाला दिली, आपली अर्धी इंद्रायणीत बुडवली. कीर्तनात आपण बुडवलेल्या कागदांवर डोळे पुसतो आणि वाटणी विसरतो. माझ्या मते सगळं शहाणपण त्या वाटणीत आहे. भावाच्या हक्कावर तुकोबांनी वैराग्य केलं नाही.

आता आमच्याकडचं बघा. हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खातं अनुत्पादित. मग त्यावरचं व्याज हातात पडेपर्यंत उत्पन्नात धरायचं नाही. पूर्वी खुशाल धरायचे. कागदावर नफा, तिजोरीत खडखडाट! वसूल होतच नाही म्हटल्यावर तरतूद करायची आणि शेवटी निर्लेखन. ही कर्जमाफी नव्हे हं, कर्जदारांनी टाळ्या वाजवू नयेत. वसुली चालूच राहते. फक्त आजचा ताळेबंद खरा दिसावा, एवढ्यासाठी ते खातं बाहेर काढायचं.

(मागून आवाज : आणि ठेवीदारांचं काय?)

काका, माझ्या बँकेनं ठेवी परत केल्यात! सगळ्यांना एका मापानं मोजू नका. असो.

आता मनातल्या थकबाकीकडे येऊ. ‘तेव्हा कोथरूडला प्लॉट घ्यायला हवा होता’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा. बघा, अर्धं सभागृह! (हशा) त्या न घेतलेल्या प्लॉटवर तुम्ही आजच्या भावानं व्याज धरताय. तेव्हाचा पगार, बहिणीचं ठरलेलं लग्न, वडिलांचं आजारपण यांची नोंद त्या खात्यात नाही. तिशीतल्या स्वतःच्या दारात रोज वसुलीला जाताय, आणि त्याच्या खिशात काही नव्हतं हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? हे निर्लेखित करा. मात्र कुणाचे पैसे बुडवले असतील, भावाला फसवून सही घेतली असेल, तर ते सोडून द्यायचा अधिकार तुम्हाला नाही. ती कान्होबाची वाटणी. तिथे जाऊन फेडायचं.

सचिवांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, गेलं त्याबद्दलही कृतज्ञ राहा म्हणतात, तेवढं उरकतो.

दिवाळं निघालं, दुष्काळानं गांजलं, याबद्दलही तुकोबा एका अभंगात समाधान सांगतात. इथे मी अडतो. घरचं माणूस भुकेनं गेलं त्याबद्दल आभार मला मानता येत नाहीत, तुम्हीही मानावेत असं मी सांगणार नाही. पण याच काळात त्यांनी देहूचं पडकं विठ्ठलमंदिर दुरुस्त केलं, अंगमेहनत करून. कृतज्ञतेचा तो प्रकार मला झेपतो. आपला प्लॉट गेला, पण राहतं घर आहे ना? त्याच्या गच्चीला पावसाळ्याआधी डांबर लावा.

तुकोबांच्या दुसऱ्या बायकोची, जिजाईंची, बाजू राहिलीच. चूल त्यांना पेटवायची होती. त्यांच्या हिशेबानं ती खतं बुडीत नव्हती, आणि याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. दुसरी चिठ्ठी आली. थांबतो. ठेवीदार काका, चहाला भेटा.