काल आणि काळ : दोन अक्षरी शब्दांविषयी थोडे



आज मी ज्या शब्दांविषयी बोलणार आहे ते फार लहान आहेत. दोन अक्षरांच्या पलीकडे मी सहसा जाणार नाही. जोडीतले पहिले अक्षर तेच राहील, दुसरे तेवढे बदलेल. कुठे 'ल', कुठे 'ळ'. काल आणि काळ. वेल आणि वेळ. गाल आणि गाळ. ओल आणि ओळ. पाल आणि पाळ. मूल आणि मूळ. पुण्यात या जोड्यांवर कोणी व्याख्यान ठेवणार नाही. बालाघाटात ठेवावे लागते, कारण आपली मुले हिंदी माध्यमात शिकतात. मानक देवनागरीत केंद्रीय हिंदी निदेशालयाने 'ळ'ला जागा दिलेली आहे, पण शाळेतल्या हिंदी पाठांत तो मुलांना भेटत नाही. तिथे होळकरांचे होलकर होतात, टिळकांचे तिलक.

हिंदीने तसे लिहावे याबद्दल माझी तक्रार नाही. तिच्या उच्चारात तो ध्वनी नाही, ती काय करणार? माझी काळजी घरातली आहे. घरात मराठी बोलणारे मूल 'मला वेल नाही' म्हणते आणि आजूबाजूच्या मोठ्यांपैकी कोणालाच ते खटकत नाही.

काही जणांना वाटते की 'ळ' म्हणजे 'ल'चाच जड उच्चार, व्याकरणकारांनी मागून चिकटवलेला. तसे नाही. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत 'ईळे' हे रूप आहे. पुढच्या संस्कृतात हा ध्वनी मागे पडला. मराठीत मात्र तो एका नियमाने उभा आहे. मराठीच्या घडणीवर फ्रेंचमध्ये ग्रंथ लिहिणाऱ्या ज्यूल ब्लॉक यांनी तो नोंदवला आहे. संस्कृत-प्राकृतात दोन स्वरांच्या मध्ये एकटा 'ल' असेल, तर मराठीत त्याचा 'ळ' होतो. प्राकृतात तो जोड असेल, म्हणजे 'ल्ल' असेल, तर मराठीत 'ल' राहतो आणि मागचा ऱ्हस्व स्वर लांबतो.

आता आपल्या जोड्या पुन्हा पाहा. 'काल'चा काळ झाला, आणि 'कल्य'चे प्राकृतात 'कल्ल' होऊन आपला कालचा दिवस आला. 'वेला'ची वेळ, 'वल्ली'ची वेल. 'गल्ल'चा गाल. भिंतीवरची पाल 'पल्ली'पासून, कानाची पाळ 'पालि'पासून. ओळ ही 'आवलि', तर ओल ही प्राकृतातल्या 'ओल्ल'ची, म्हणजे ओल्याची. संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले शब्द या नियमाबाहेर राहतात, म्हणून कमळाशेजारी कमलही नांदते. पण घरगुती शब्दांत प्राकृतातल्या दोन 'ल'ची आठवण आपल्या एका 'ल'मध्ये शिल्लक आहे. मूल 'वेळ'ला 'वेल' म्हणते तेव्हा एक उच्चार चुकतो एवढेच नव्हे, दोन वेगळी घराणी एकमेकांत मिसळतात.

या जिल्ह्याला सर्वांत जवळची जोडी मात्र साल आणि साळ. साळ म्हणजे भात, आपण ज्याला धान म्हणतो ते. 'शालि' या शब्दातला एकटा 'ल' इथे 'ळ' झाला. चिन्नोरसारखा सुगंधी तांदूळ पिकवणाऱ्या आणि त्यासाठी भौगोलिक मानांकन मिळवणाऱ्या जिल्ह्यात 'साळ' हा शब्द हरवावा, हे मला बरे वाटत नाही. 'साल'ची गंमत आणखी वेगळी. झाडाची साल 'छल्ली'पासून आली. वर्षाचे साल फारसीतून आले. कान्हाच्या जंगलातला साल वृक्ष संस्कृत 'शाल'. नियमाने त्याचा साळ व्हायचा, पण तो आपण हिंदीतूनच घेतला. म्हणजे एका सालात सालाची साल काढली, हे वाक्य इथे अगदी बरोबर आहे!

फारसी-अरबी शब्दांना वरचा नियम लागत नाही, कारण ते उशिरा आले. माल, हाल, लाल हे सगळे 'ल'चेच राहिले. आपल्या गावाचे नावही त्यांतलेच मानतात. फारसी 'बाला' म्हणजे वरचा, म्हणून घाटावरचा मुलूख तो बालाघाट. बारा घाटांची कथाही इथे सांगतात, ती वेगळी. भंडारा, मंडला आणि सिवनीचे भाग जोडून १८६७ पासून हा जिल्हा आकाराला आला, तेव्हा भंडाऱ्याकडची मराठी त्याच्या सोबतच आली.

आणि ती मराठी कोणती? जी घराघरांत 'डोळा'ला 'डोरा', 'काळा'ला 'कारा' आणि 'जवळ'ला 'जवर' म्हणते. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या झाडीबोलीत 'ळ'चा 'र' होतो. शिकलेली माणसे याला अशुद्ध म्हणत आली. पण जरा विचार करा. 'जवर' म्हणणारी आजी 'गाल'ला 'गार' म्हणत नाही. 'ल' आणि 'ळ' ही दोन घराणी तिने वेगळीच ठेवली, एकाला दुसरे नाव दिले इतकेच. 'र'कडे थोडी गर्दी झाली खरी, पण 'ल' तिने मोकळा राखला. 'जवल' म्हणणारा तिचा शिकलेला नातू मात्र तो भेद पुसून टाकतो. तेव्हा अशुद्ध कोण, हे आपण जपून ठरवावे. माझे मत आजीच्या बाजूचे आहे.

मोबाइलने आणखी भर घातली. रोमन अक्षरांत लिहिले की दोन्ही एकच. इन्स्क्रिप्ट कळफलकावर मात्र ही दोघे एकाच कळीवर बसलेली आहेत. 'ल' साधा, 'ळ' शिफ्टसह. एवढे जरी मुलांना दाखवले तरी त्यांना मजा वाटते.

शिकवताना मी नियमापासून सुरुवात करत नाही. वाक्ये देतो. गालाला गाळ लागला. वेल वाढायला वेळ लागतो. ओल आहे, ओळीत चला. जीभ मागे वळवून टाळूला लावा आणि सोडा, एवढीच सूचना. मुले हसतात आणि हसता हसता जीभ वळते.

अकादमीला माझी एक विनंती आहे. अशा शंभरेक जोड्यांची लहान पुस्तिका काढावी. पानावर तीन रकाने असावेत: मराठी शब्द, त्याचा हिंदी अर्थ आणि गावची बोली. तिसरा रकाना आपण छापू नये, कोराच ठेवावा. वारासिवनी, कटंगी, लांजी, किरनापूरच्या मुलांनी तो घरी आजीला विचारून पेन्सिलीने भरावा आणि भरलेल्या पुस्तिका अकादमीने परत मागवाव्यात.