जुनी गाडी, नवे इंजिन

गाडी जुनी झाली की मालकापुढे एक दिवस उभा राहतो. इंजिन तेल पिऊ लागते, मागून निळा धूर निघतो, साध्या चढावर दम लागतो. मेस्त्री झाकण उघडून बघतात आणि म्हणतात, "बोअर करून फार तर वर्षभर निघेल. त्यापेक्षा दुसरं इंजिनच बसवा." मालक विचारतो, "बसेल का?" मेस्त्री म्हणतात, "बसेल की! न बसायला काय झालंय?"

हा 'बसेल की' शब्द फसवा आहे. इंजिन जागेवर बसणे निराळे आणि त्याचे गाडीशी जमणे निराळे. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्या घरात घडलेली गोष्ट आहे.

साल १९९४. मी शाळेत होतो. माझे चुलते कोल्हापूरचा गूळ घेऊन कोकणात जात आणि येताना नारळ, सुपारी, आमसुले आणीत. त्यांची व्हॅन मूळची पेट्रोलची. तिचे इंजिन थकले होते आणि पेट्रोलचा खर्च भाड्यातून सुटेना. डिझेल त्या वेळी पेट्रोलच्या मानाने पुष्कळच स्वस्त होते. तेव्हा चुलत्यांनी ठरवले, की आता डिझेलचे इंजिनच टाकायचे. काकूंच्या पाटल्या गहाण पडल्या आणि अपघातात मोडलेल्या एका गाडीचे चांगले डिझेल इंजिन मिळाले.

ते बसवायला तीन दिवस लागले. साखळीच्या कप्पीने जुने इंजिन वर उचलले गेले, तेव्हा दिवा धरायला मी होतो. नवे इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जोडायचे, तर दोहोंच्या मध्ये एक जाड लोखंडी प्लेट लागते. ती उद्यमनगरात लेथवर कातून आणली. जुने माउंटिंग कापून नवे वेल्ड केले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी इंजिन धडधडू लागले आणि काकूंनी गाडीवरून नारळ ओवाळला.

गावात एक फेरी मारून आल्यावर चुलते एवढेच म्हणाले, "ब्रेक जरा जड लागतोय." मेस्त्री म्हणाले, "नवं काम आहे, बसेल हळूहळू." कोणी त्यावर पुन्हा बोलले नाही.

चौथ्या दिवशी गुळाचे रवे भरून व्हॅन गगनबावड्याला गेली. चढ तिने असा चढला, की चुलते गाणे म्हणू लागले. मग करूळ घाटाची उतरण लागली. दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला, तर पेडल दगडासारखे. दोन्ही पायांनी उभे राहून दाबावे, तेव्हा गाडी जेमतेम आवरे. शेजारी मी बसलो होतो. खालची दरी मला आजही दिसते. त्यांनी पहिला गिअर टाकला, गाडी डोंगराच्या अंगाला घेतली आणि हातब्रेक ओढून, थांबत थांबत, दगड लावीत ती खाली आणली. पायथ्याशी उतरलो तेव्हा चाकांतून जळका वास येत होता. चुलत्यांच्या पायांना कापरे भरले होते.

परत आल्यावर ते उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींकडे गेले. मेस्त्री गाडीखाली शिरले आणि मिनिटाभरात हसत बाहेर आले. त्यांच्या हातात रबरी नळीचा एक तुकडा होता. नळीच्या तोंडात बोल्ट कोंबून वरून तार आवळली होती. "मालक," ते म्हणाले, "इंजिन घातलंसा खरं, पन ब्रेकची वढ काढून घेतलीसा की!"

मंडळी, या एका वाक्यात सगळे आले. ही ओढ कसली ते आता पाहू.

शेतावरच्या पंपाच्या सक्शन पाइपच्या तोंडाशी पाला अडकला, की पाइपात आतून ओढ वाढते. पेट्रोलच्या इंजिनातही तसेच होते. आत जाणाऱ्या हवेच्या वाटेवर एक झडप असते. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की ती मिटते. दट्टे मात्र हवा ओढतच राहतात, म्हणून झडपेच्या आत पोकळी तयार होते. ही फुकटची पोकळी एका रबरी नळीने ब्रेकच्या बूस्टरला जोडलेली असते. बूस्टर म्हणजे ब्रेकच्या पेडलापुढचा पत्र्याचा गोल डबा. त्याच्या मध्ये एक पडदा असतो. पेडल दाबले की पडद्याच्या एका अंगाला पोकळी आणि दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा अशी स्थिती होते, आणि हवाच पडदा ढकलून तुमच्या पायाला मदत करते.

ही मदत केवढी? शिक्षकांनी हे गणित वर्गात जरूर घालावे. पडद्याचा व्यास २३ सेंटिमीटर धरा, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ४१५ चौरस सेंटिमीटर झाले. दोन अंगांच्या दाबातला फरक दर चौरस सेंटिमीटरला ०.७ किलो धरला, तर एकूण रेटा सुमारे २९० किलोंचा. तीस किलोंचे साडेनऊ-दहा गुळाचे रवे पेडलाच्या मदतीला येतात! आमच्या गाडीतून हे सगळे रवे एका बोल्टाने उतरवले होते.

डिझेलच्या इंजिनात ही पोकळी का नव्हती? तिथे ठिणगी नाही. हवा दाबून दाबून इतकी तापवतात, की तिच्यात फवारलेले तेल आपोआप पेटते. त्यासाठी हवा भरपूर लागते. म्हणून बहुतेक डिझेल इंजिनांत हवेच्या वाटेवर ती झडप नसतेच. हवा पूर्ण घ्यायची आणि कमीजास्त करायचे ते फक्त तेल. झडप नाही म्हणून पोकळी नाही. यासाठी डिझेलच्या गाडीला पोकळी करणारा वेगळा छोटा पंप देतात. पुष्कळदा तो डायनॅमोच्या पाठीलाच असतो. इंजिन बसवणाऱ्याला नळी जोडायला जागा सापडली नाही. त्याने ती बंद केली आणि पुढच्या कामाला लागला.

आणखी एक गोष्ट. पाय काढल्यावर पेट्रोलचे इंजिन गाडीला मागे ओढून धरते, ते याच मिटलेल्या झडपेमुळे. डिझेलचे तितके धरीत नाही. म्हणजे जुने इंजिन घाटात दोन कामे मुकाट्याने करीत होते : ब्रेकला ओढ देत होते आणि गाडीही धरीत होते. ती दोन्ही कामे त्याच्याबरोबरच कप्पीला लटकून बाहेर गेली.

उतरणीवर ब्रेकला किती काम पडते, याचाही हिशेब करून बघा. दोन टनांची गाडी पाचशे मीटर खाली उतरली, तर तिची जी शक्ती जिरवायची, ती सुमारे तीस लिटर पाणी उकळीला आणण्याएवढी असते. एवढी उष्णता चाकांतल्या लायनरनेच खाल्ली, तर जळका वास येणारच. म्हणून तर जाणते ड्रायव्हर ज्या गिअरात घाट चढतात, त्याच गिअरात उतरतात.

तेव्हा इंजिन बदलताना पहिला प्रश्न 'नवे बसेल का' हा नव्हे. पहिला प्रश्न असा : जुने इंजिन काय काय करीत होते? ते चाके फिरवीत होते, हे कुणालाही दिसते. पण ते वीज करीत होते, पाणी फिरवीत होते, ब्रेकला ओढ देत होते. पुढच्या पाट्यांवर ठरावीक वजन टाकीत होते. नव्याचे वजन जास्त असेल, तर पुढचे पाटे बसतात आणि स्टिअरिंग जड होते. नव्याची उष्णता जास्त असेल, तर जुना रेडिएटर पुरत नाही. एकेक काम कागदावर लिहावे आणि पुढे लिहावे, 'हे आता कोण करणार?' ज्या ओळीपुढे उत्तर नाही, तिथे गाडी अडणार.

कोल्हापूरच्या कारागिराच्या हाताविषयी मला शंका नाही. याच गावात बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. पंचगंगेचे पाणी उसाला चढवायला आणि गुऱ्हाळाचा चरक फिरवायला ऑइल इंजिने आली, तेव्हा त्यांचे सुटे भाग ओतणारी आणि कातणारी माणसे इथेच तयार झाली. आमच्या गाडीची ती प्लेटच घ्या. इंजिनाचा आणि गिअरबॉक्सचा मध्य वहीच्या एक-दोन पानांच्या जाडीएवढा जरी चुकला, तरी बेअरिंग ओरडू लागते आणि क्लच नीट सुटत नाही. लेथवाल्याने तो मध्य असा चोख साधला होता, की पुढे गिअरबॉक्स कधी उघडावा लागला नाही. हात कुठेच कमी पडला नव्हता. कमी पडली ती विचारपूस. चुलते 'जड लागतोय' म्हणाले, तेव्हा 'का?' असे कोणी विचारले नाही.

आता कायद्याचे दोन शब्द. पेट्रोलच्या गाडीत दुसऱ्याच गाडीचे डिझेल इंजिन घालण्याचे दिवस गेले. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे ५२ वे कलम गाडीतल्या फेरफारांविषयी आहे. मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. इंजिन बदलायचे तर त्याच बनावटीचे, त्याच प्रकारचे घ्यावे. आधी परिवहन कार्यालयाची मंजुरी घ्यावी आणि नवा इंजिन क्रमांक नोंदणीत चढवून घ्यावा. जुन्या बाजारातून इंजिन घेताना विकणाऱ्याची पावती आणि त्या गाडीची कागदपत्रे मागा. क्रमांक खरवडलेला दिसला, तर कितीही स्वस्त असो, हात लावू नका. विमा कंपनीलाही कळवा. अपघातानंतर कळवून उपयोग नसतो.

तेच इंजिन घातले म्हणून निर्धास्त राहू नका. घाईत नळी जोडायची राहू शकते, फाटकी नळी तशीच चढवली जाऊ शकते. यासाठी एक परीक्षा सांगतो. तिला हत्यार लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करा, हातब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा. इंजिन बंद असताना ब्रेक चार-पाच वेळा दाबा. पेडल कडक होईल. ते तसेच दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली किंचित खाली गेले पाहिजे. गेले तर ओढ आहे. नाही गेले, तर मेस्त्रींनी काहीही सांगितले तरी गाडी गॅरेजबाहेर काढू नका. शाळेची मुले ने-आण करणाऱ्या गाडीची ही परीक्षा मुख्याध्यापकांनी स्वतः शेजारी उभे राहून बघावी.

म्हाताऱ्या मेस्त्रींनी आमच्या व्हॅनला पंपासकट डायनॅमो बसवला, नळी नवी घातली आणि चाकांचे लायनर बदलले. ती व्हॅन पुढे बरीच वर्षे घाट उतरली. काकूंच्या पाटल्या दुसऱ्या वर्षी सुटल्या. पण गगनबावड्याला चहा घेऊन निघताना चुलते इंजिन बंद करून ब्रेक चार वेळा दाबत, मग पाय तसाच ठेवून किल्ली फिरवीत. पेडल खाली गेले, की माझ्याकडे बघून म्हणत, "चला, आता उतरू."