मुलांची धास्ती आणि आईबाप

सोमवारची सकाळ उजाडली कीं नववी-दहावीतल्या एखाद्या मुलाच्या पोटांत कळा येऊं लागतात, हा प्रकार पुष्कळ घरांच्या परिचयाचा आहे. डॉक्टर तपासतात, दोष कांहीं सांपडत नाहीं. शाळेची वेळ टळली कीं कळ थांबते, आणि मग वडील म्हणतात, "पाहिलेंत? सारें ढोंग!"

श्रोतेहो, माझें आयुष्य शाळामास्तरकींत गेलें. ढोंगी मुलें मीं पुष्कळ पाहिलीं आहेत. पण संकटाची वेळ टळतांच दुखणें थांबावें, हा धास्तीचा धर्मच आहे. भीति वाटली कीं शरीरांत अॅड्रिनलिन नांवाचें द्रव्य सुटतें, हृदय धडधडूं लागतें, पोटाचें काम बिघडतें. कळ खरी असते. तिचें मूळ मात्र पोटांत नसतें.

म्हणून "यांत घाबरण्यासारखें काय आहे?" असें विचारूं नये. आपण तें समजुतीनें विचारतों; मुलाला तो आरोप वाटतो. त्यापेक्षां म्हणावें, "तुला फार भीति वाटते हें मला दिसतें आहे, आणि ती सोसून तूं जाऊं शकशील, अशी माझी खात्री आहे." या वाक्याचे दोन्ही अर्धे आवश्यक आहेत. पहिला अर्धा आयांना सहज साधतो, दुसरा वडिलांना. एकाच तोंडून दोन्ही निघणें दुर्मिळ!

रागावण्याचे तोटे सर्वांना कळतात, मायेचे लवकर कळत नाहींत. ओळखीच्या एका घरांत पंधरा वर्षांची मुलगी होती. पाहुणे आले कीं तिचें ताट आंतल्या खोलींत जाई. वर्गांत कांहीं विचारावयाचें असल्यास वडील शिक्षकांना फोन करीत. रात्रीं ती दहा वेळां विचारी, "मी नापास तर होणार नाहीं ना?" आणि आई दहाही वेळां "नाहीं ग बाळ" म्हणे. प्रत्येक उत्तरानें घटकाभर बरें वाटे. पण आपल्याला हें एकटीला सोसणार नाहीं, हाच धडा पक्का होई.

अमेरिकेंतील येल विद्यापीठांत एली लेबोविट्झ यांनीं नेमक्या याच गोष्टीवर उपचार बसविला. त्यांत मुलाला बोलावीत नाहींत, आईबापांनाच शिकवितात. ७ ते १४ वर्षांच्या १२४ मुलांचा त्यांचा प्रयोग २०२० सालीं प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष मुलावर केलेल्या मानसोपचाराइतकाच या पद्धतीचा गुण आला, असें त्यांत आढळलें.

आधार काढावयाचा तो एकेक, आधीं सांगून, आणि रागाच्या भरांत मुळींच नाहीं. त्या मुलीच्या आईनें रविवारीं दुपारीं शांतपणें सांगितलें, "रात्रीं मी एकदांच उत्तर देईन. मग तुझ्याजवळ बसेन, पण तोच प्रश्न पुन्हा घेणार नाहीं." चार रात्री रडारड झाली. आजीनें सुनेला निर्दय ठरविलें. पुढच्या आठवड्यांत प्रश्न तिनांवर आले. ताट माजघरांत यावयास मात्र दोन महिने लागले.

शाळा सुटलेल्या मुलालाही असेंच पायरीपायरीनें न्यावें. १९२४ सालीं मेरी कव्हर जोन्स या विदुषीनें सशाला भिणाऱ्या पीटर नांवाच्या लहान मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. तो खाण्यांत रमला असतां ससा दूर ठेवीत आणि हळूहळू जवळ आणीत. शेवटीं पीटर त्याला कुरवाळूं लागला. तेव्हां प्रथम फाटकापर्यंत, मग ग्रंथालयांत तासभर, मग आवडत्या विषयाचा तास. एखादे दिवशीं एक पायरी मागें यावें लागलें तर यावें. घरीं बसवूं नये. वर्गशिक्षकांना अगोदर विश्वासांत घ्यावें.

झोप पुरी व्हावी, रात्रीं मोबाईल उशाशीं नसावा, जागरणासाठीं चहा-कॉफी वाढवूं नये, हें आपण जाणतांच. आणि मार्कांची तुलना करणाऱ्या पाहुण्यांस चहा द्यावा, निकालपत्र दाखवूं नये.

धास्ती आठवडेंच्या आठवडे हटत नसेल, अन्न-झोप उडाली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावें. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. मूल जगण्याचा कंटाळा बोलून दाखवील तर वाट पाहूंच नये. त्याला एकटें न सोडतां, जीव देण्याचे विचार येतात काय, हें सरळ विचारावें. विचारल्यानें तें खूळ डोक्यांत शिरत नाहीं. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालू आहे. तेथें मराठींतही बोलतां येतें. फोन मुलानेंच करावा असें नाहीं, आईबापांनींही करावा.