परक्याच्या डोळ्यांतली कृपा
(नांदगाव येथील व्याख्यानमालेतील व्याख्यान)

हिब्रू धर्मग्रंथात, म्हणजे ज्यू लोक ज्याला ‘तनाख’ आणि ख्रिस्ती लोक ‘जुना करार’ म्हणतात त्या ग्रंथसंग्रहात, कृपेसाठी येणाऱ्या शब्दांपैकी ‘हेन’ हा शब्द विशेष लक्ष देण्याजोगा आहे, कारण तो बहुधा ‘अमक्याच्या डोळ्यांत हेन सापडणे’ अशा वाक्प्रचारात येतो. ‘कृपादृष्टी’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला ही कल्पना नवी नाही. फरक एवढाच की हिब्रू कथांतले हे डोळे पुष्कळदा परक्याचे असतात. भावांनी विकलेला योसेफ मिसर देशात खोट्या आरोपावरून तुरुंगात पडतो, तेव्हा देव त्याला लगेच सोडवत नाही, तर तुरुंगाच्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांत त्याच्याविषयी हेन उत्पन्न करतो. म्हणजे कैद तशीच राहते आणि कृपा कैदेच्या आत सुरू होते.

रूथच्या कथेत हीच गोष्ट उलट्या अंगाने येते. बेथलेहेम या नावाचा अर्थ ‘भाकरीचे घर’, पण तिथेच दुष्काळ पडतो आणि नामीचे कुटुंब मवाब देशी जगायला जाते. ‘जगायला जाणे’ या शब्दांत काय काय सामावलेले असते, हे नांदगावसारख्या अवर्षणाच्या तालुक्यात समजावून सांगावे लागत नाही. नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून परतलेली नामी गावातल्या बायांना सांगते की आता आपल्याला ‘मारा’, म्हणजे कडू, म्हणा. तिच्याबरोबर आलेली मवाबी सून रूथ कापणीच्या शेतात सरवा वेचायला जाते आणि शेताचा धनी बवाज याच्या डोळ्यांत तिला हेन सापडते. इथे परकी ती आहे, आणि दावीद राजा पुढे तिच्याच वंशात जन्मतो.

परमुलखात राहण्याची हीच वेळ नंतर साऱ्या लोकांवर आली. यरुशलेममधून लोकांची पहिली मोठी तुकडी इ. स. पू. ५९७ मध्ये बाबेलला नेली गेली, तेव्हा यिर्मया संदेष्ट्याने तिला पत्र पाठवून घरे बांधण्यास, बागा लावण्यास आणि ज्या नगरात नेले गेले त्याच नगराच्या कल्याणासाठी प्रार्थना करण्यास सांगितले. पुढे इ. स. पू. ५८६ च्या सुमारास यरुशलेमचे मंदिरही जळाले. यिर्मयाचे असे पत्र असले तरी हद्दपारी हेच वरदान होते, असा सोपा अर्थ या ग्रंथातून काढता येत नाही, कारण ‘विलापगीत’ हे पुस्तक कोणतेही समाधान न देता देवालाच प्रश्न करत संपते, आणि त्याला ग्रंथसंग्रहात जागा देणाऱ्यांची सचोटी त्यात दिसते.

परक्याच्या डोळ्यांतल्या कृपेच्या या विचाराचे मराठी भाष्य कोकणात जगले गेले. बेने इस्राएल, म्हणजे ‘इस्राएलची लेकरे’, या समाजाच्या परंपरेनुसार अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात पुरुष आणि सात स्त्रियाच वाचल्या. धर्मग्रंथ समुद्रात गेले, उरला तो शब्बाथ (शनिवारचा विश्रामदिन), सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि देवाच्या एकत्वाची ‘शमा’ ही प्रार्थना. तेलाचा घाणा चालवणारे हे लोक शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव दिले. ते केवळ ओळखीचे नाव नव्हते. त्यात गावाने त्यांचा शब्बाथ मान्य केल्याची नोंद आहे, आणि किहीमचे किहीमकर, दिव्याचे दिवेकर अशी आडनावे घेऊन त्यांनीही गावाला तसाच प्रतिसाद दिला.

याच समाजातले, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील समाजी हसाजी दिवेकर म्हैसूरच्या टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. समाजात सांगितली जाणारी कथा अशी की, कुराणात उल्लेख असलेल्या बनी इस्राएलांपैकी हा एक आहे हे कळल्यावर टिपूच्या आईच्या रदबदलीने त्यांचा जीव वाचला. कथेचा तपशील इतिहासाला तपासू द्यावा; तिचा साचा मात्र योसेफाचाच आहे. सुटल्यावर त्यांनी १७९६ मध्ये मुंबईत उभारलेले सभास्थान ‘शाअर हारहमीम’, म्हणजे ‘दयेचे द्वार’, म्हणून ओळखले जाते. ‘रहमीम’ हा शब्द गर्भाशयवाचक ‘रेहेम’शी जोडलेला आहे, त्यामुळे ‘दया’पेक्षा मराठीतली ‘माया’ त्याला अधिक जवळची वाटते.

या समाजाला सर्वांत जवळचा वाटणारा संदेष्टा एलिया हाही परागंदाच. राजाच्या रोषापासून दूर लपलेल्या त्याला आधी कावळ्यांनी आणि मग सारफथ या परमुलखातल्या एका विधवेने जगवले. त्याच्या नावाने नवस फेडताना बेने इस्राएल पोहे, गूळ आणि खोबऱ्याचा मलिदा फळांसह मांडतात, आणि हे ताट पूर्णपणे कोकणचे आहे.

१९४८ नंतर यांतले बहुसंख्य लोक इस्राएलला गेले, आणि जिथे डोळे आपल्यांचे असायला हवे होते तिथेच त्यांच्या ज्यूपणाविषयी, विवाहाच्या संदर्भात, शंका घेतली गेली. धरणे आणि निदर्शने झाल्यावर १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने ते सर्व अर्थांनी ज्यू असल्याचे जाहीर केले. मलिदा मात्र तिथेही मांडला जातो, आणि या मंडळींनी तिथून काढलेल्या मराठी नियतकालिकाचे नाव ‘मायबोली’ आहे.