सिझरच्या आधीचा उपास
(महिला गटांच्या कार्यकर्त्यांसाठी कोल्हापुरात झालेल्या आरोग्य शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय तुमच्यापैकी काहीजणींना फार छोटा वाटेल. बाळंतपणातले मृत्यू, रक्तपांढरी, गरज नसताना होणारी सिझेरियन, असे मोठे विषय पुढे असताना ऑपरेशनच्या आदल्या रात्रीच्या उपासावर बोलायला वेळ कशाला घालवायचा? मी वस्त्यांमध्ये काम करते. गरोदर बायकांबरोबर दवाखान्यात जाते. सिझरची तारीख ठरलेल्या बाईला मी विचारते, कशाची भीती वाटते? ऑपरेशनची, टाक्यांची, पैशाची, ही उत्तरं येतातच. पण थोडं निवांत बसलं की हळूच आणखी एक गोष्ट बाहेर येते. "ताई, रात्रभर काही खायचं नाही म्हणत्यात. पाणीबी नाही. मला जमंल का? बाळ आत उपाशी राहील की!"

ही भीती ती डॉक्टरांना सांगत नाही, कारण ते हसतील असं तिला वाटतं. घरात सांगितली तर उत्तर ठरलेलं असतं : "हरतालिकेला निर्जळी करतीस, नवरात्रात नऊ दिवस उपास धरतीस, मग एका रात्रीचं काय एवढं?" म्हणजे बाईला उपासाची सवय असते, असं सगळ्यांनी धरलेलंच आहे. त्यामुळे तिची भीती ही भीतीच मानली जात नाही.

आणि अशा बायका थोड्या नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली २५.४ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाल्याचं दिसलं. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हा आकडा २०.१ होता. एवढी सिझेरियन गरजेची असतात का, हा प्रश्न आपण वेगळ्या सत्रात घेतला आहे, म्हणून इथे त्यात जात नाही. यातली काही ऐन वेळी करावी लागतात, काही तारीख ठरवून होतात. तारीख ठरवून होणाऱ्या प्रत्येक सिझरच्या आधी एका बाईची ती रात्र असते. त्या रात्रीबद्दल तिच्याशी नीट कोण बोलतं?

आधी कारण समजून घेऊ. कारण माहीत नसलं की सूचना हुकूम होते, आणि हुकूम पाळताना माणूस जास्त घाबरतं.

भूल दिल्यावर घशाची राखण करणारी शरीराची सवय झोपी जाते. एरवी अन्नाचा कण श्वासनलिकेकडे गेला तर आपल्याला ठसका लागतो. पूर्ण भूल दिलेल्या माणसाला तो ठसका लागत नाही. पोटात अन्न असेल आणि ते उलटून वर आलं, तर ते फुप्फुसात जाऊ शकतं. पोटातलं आम्ल फुप्फुसाला भाजून काढतं. गरोदरपणात हा धोका थोडा वाढतो, कारण वाढलेलं गर्भाशय जठरावर दाबतं आणि जठराच्या तोंडाशी असलेली झडप सैल पडते. शेवटच्या महिन्यांत छातीत जळजळतं ते त्यामुळेच.

न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन या डॉक्टरांनी १९४६ साली यावर एक निबंध प्रसिद्ध केला. १९३२ ते १९४५ या काळात त्यांच्या रुग्णालयात ४४,०१६ बाळंतपणं झाली होती. त्यांतल्या ६६ बायकांच्या फुप्फुसात पोटातलं अन्न किंवा आम्ल गेलं. दोघी दगावल्या, त्या घन अन्नाने श्वास कोंडून. त्या काळी बाळंतपणात नाकातोंडावर मास्क धरून गुंगी देण्याची पद्धत होती. या निबंधानंतर बाळंतपणात उपाशी ठेवण्याचा नियम जगभर घट्ट झाला, आणि "रात्री बारानंतर काही नाही" हे वाक्य दवाखान्यांच्या तोंडी बसलं.

पण तेव्हापासून भूलशास्त्र पुष्कळ पुढे गेलं. आज ठरवून केलेल्या बहुतेक सिझरमध्ये कंबरेत, मणक्यात इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर करतात. बाई जागी असते, बाळाचं पहिलं रडणं ऐकते. मग उपास कशाला? कारण क्वचित ती भूल पुरी पडत नाही आणि पूर्ण भूल द्यावी लागते. त्या क्वचित वेळेसाठी पोट रिकामं हवं. तेव्हा उपास हवाच. याबाबत कुणीही वेगळं सांगू नये.

प्रश्न आहे तो किती तासांचा. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ सालीच मार्गदर्शक सूचना काढल्या. हलकं जेवण भुलेच्या सहा तास आधीपर्यंत; तळलेलं, मटण, तुपातलं असेल तर आठ तास किंवा अधिक; आणि आरपार दिसेल असं पातळ, म्हणजे साधं पाणी, भुलेच्या दोन तास आधीपर्यंत. ठरवून होणाऱ्या सिझरच्या, इतर काही गुंतागुंत नसलेल्या बाईलाही हे पाणी बेताने चालतं. कारण साधं पाणी जठरातून लवकर पुढे सरकतं.

आता आपल्या घरातला हिशेब बघा. दुधाचा चहा हा पाणी नव्हे. दूध पोटात गेलं की त्याचं दही होतं, म्हणून दुधाला सहा तास. ताक, लस्सी, उसाचा रस, भाताची पेज, यांतलं काहीही "पातळच आहे की" म्हणून चालत नाही. पांढरा रस्साही नाही, हे कोल्हापुरात वेगळं सांगावं लागतं! गुटखा, मिश्री, तंबाखू तर नाहीच नाही.

समजा, सिझर दुपारी एकला आहे. बाई रात्री आठला जेवली आणि बारानंतर तिला पाणीही दिलं नाही, तर तिच्या पोटात सतरा तास अन्न नाही आणि तेरा तास पाण्याचा थेंब नाही. कोल्हापूरच्या एप्रिलमध्ये, नऊ महिने भरलेल्या बाईला! तिचं डोकं दुखतं, घसा कोरडा पडतो, मळमळतं, आणि जीव घाबरा होतो. मग म्हणायचं की बाई फार घाबरट आहे. तिच्या घाबरण्यातला निम्मा भाग तहानेचा असतो, हे लक्षात घ्या.

वेळ का लांबते, तेही पाहू. सरकारी रुग्णालयात अडलेली बाई आली की ठरलेली ऑपरेशनं मागे सरकतात, आणि ते योग्यच आहे. पण मागे सरकलेल्या बाईला कुणी सांगत नाही की आता तुला दोन घोट पाणी चालेल. खाजगीत आणखी एक प्रकार दिसतो. घरचे पंचांग बघून मुहूर्त काढतात. बाळ अमुक घटकेला जन्माला यावं म्हणून ऑपरेशन पुढे ढकललं जातं, आणि उपास वाढतो तो आईचा. मुहूर्त ठरवताना तिला विचारलेलं मी क्वचितच पाहिलं आहे.

आता भीतीकडे वळू. ही भीती एकाच प्रकारची नसते, म्हणून "घाबरू नकोस" या एका वाक्याने ती जात नाही.

पहिली भीती बाळाची. बाळाचं पोषण वारेतून, आईच्या रक्तातून होतं. आपण रात्री नऊला जेवतो आणि सकाळी सातला काही खातो, तेव्हाही दहा तास गेलेलेच असतात. तेवढ्या वेळासाठी आईच्या शरीरात साठा असतो. निरोगी बाईच्या एका रात्रीच्या उपासाने बाळ उपाशी पडत नाही. हे शांतपणे सांगितलं की निम्म्याजणींचा चेहरा सैल होतो.

दुसरी भीती साखर उतरण्याची. गरोदरपणात मधुमेह असलेल्या, इन्सुलिन घेणाऱ्या बाईची ही भीती अगदी रास्त आहे. तिने किती तास उपाशी राहायचं, इन्सुलिन किती घ्यायचं, हे आदल्या दिवशी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यायचं. शक्यतो तिचं ऑपरेशन सकाळी पहिलं लावा असा आग्रह धरायचा. ब्लडप्रेशरच्या, थायरॉइडच्या गोळ्यांचंही तसंच : घ्यायच्या की नाही, हे विचारून घ्यायचं. परवानगी असेल तर घोटभर पाण्याबरोबर घेता येतात.

तिसरी भीती सांगायला सर्वांत अवघड. काही बायकांनी खरी उपासमार पाहिलेली असते. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातली एक मुलगी मला म्हणाली होती, "पोट रिकामं असलं की मला लहानपण आठवतं." तिला हरतालिकेचं उदाहरण देऊन काय उपयोग? स्वतः धरलेला उपास आणि दुसऱ्याने लादलेली भूक यांत फरक आहे. आपल्याकडे गरोदर बाईला ग्रहण पाळायला लावतात. तासन्‌तास खायचं नाही, हलायचं नाही, आणि काही बिघडलं तर दोष तिचाच. त्याला शास्त्राचा काडीचाही आधार नाही. पण असं पाळलेल्या बाईला ऑपरेशनचा उपासही तसाच वाटतो. चुकलं तर पाप, बाळाला व्यंग. म्हणून तिला स्पष्ट सांगायला हवं : हे व्रत नाही, यात पुण्य नाही आणि पापही नाही. ही पोट रिकामं ठेवायची खबरदारी आहे. ती घड्याळावर मोजायची असते, आणि जास्त वेळ केली म्हणून जास्त फळ मिळत नाही.

इथे एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट. उपास चुकला तर लपवायचा नाही. सासू किंवा आई मायेपोटी पहाटे चहा-बिस्किट देते आणि म्हणते, "सांगू नकोस, ओरडतील." बाई भीतीने गप्प राहते. यात तिच्या जिवाला धोका आहे. खाल्लं असेल तर काय, किती आणि किती वाजता, हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगायचं. ते ऑपरेशन थोडं पुढे ढकलतील किंवा तशी काळजी घेतील. आणि सांगितल्यावर तिच्यावर कुणी ओरडणार नाही, ही जबाबदारी दवाखान्याची आहे. ओरडण्याच्या धाकाने माणसं खोटं बोलतात, आणि त्या खोट्याची किंमत बाई मोजते.

प्रत्यक्ष त्या रात्री काय करायचं? शेवटचं जेवण पोटभर पण साधं : भात, वरण, भाजी-भाकरी. झोपताना पाणी प्यायचं. पाणी बंद करायची वेळ कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून उशाशी ठेवायची, म्हणजे मनात सारखा हिशेब चालत नाही. सकाळी पाणी बंद झाल्यावर चूळ भरता येते, ओठ ओले करता येतात. बरोबरच्या बाईने तिच्यापुढे डबा उघडू नये, आणि "भूक लागली काय?" असं दर दहा मिनिटांनी विचारूही नये. जीव घाबरला तर हळू श्वास घ्यायचा आणि त्याहून हळू सोडायचा. बोलायला कुणीतरी जवळ असावं. चक्कर, घाम, थरथर वाटली तर सोसत बसायचं नाही, लगेच सिस्टरला हाक मारायची. सलाईन लावता येतं, साखर तपासता येते.

ऑपरेशननंतरचाही उपास असतो, त्याबद्दल तर कुणी बोलतच नाही. "वारा सरल्याशिवाय पाणी नाही" म्हणून दिवस-दिवस कोरडं ठेवण्याची जुनी रीत आहे. सगळं सुरळीत असेल तर सिझरनंतर काही तासांतच पाणी आणि हलकं अन्न सुरू करता येतं, असं आता मानलं जातं. तेव्हा तेही विचारायचं : मला पाणी कधी? जेवण कधी? सरकारी रुग्णालयात तर जेवण तिचा हक्क आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सिझर मोफत, औषधं मोफत, आणि सिझरनंतर सात दिवसांपर्यंतचा आहार मोफत आहे. आपल्या थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सीपीआरमध्ये, जाणाऱ्या बाईला हे माहीत असायला हवं.

शेवटी, आपण गट म्हणून काय करायचं ते सांगते. आठव्या-नवव्या महिन्यातल्या प्रत्येक बाईला पाच प्रश्न पाठ करून द्या. माझं ऑपरेशन किती वाजता? शेवटचं जेवण किती वाजता? पाणी किती वाजेपर्यंत? माझ्या गोळ्यांचं काय? ऑपरेशन लांबलं तर पाणी मिळेल का, आणि ते मला कोण सांगेल? उत्तर भूलतज्ज्ञांनी द्यायचं आहे. आपण कुणाला परस्पर पाणी पाजायचं नाही, कारण प्रत्येकीची प्रकृती वेगळी असते. आपलं काम विचारायला लावण्याचं आहे. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार खाजगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. माहिती मिळणं हा त्यातला हक्क आहे. त्या सनदेपुढे उभं राहून हे पाच प्रश्न विचारा.

आणि आपल्या भागातल्या प्रसूतिगृहांकडे गटाच्या वतीने एक मागणी घेऊन जा. "रात्री बारानंतर काही नाही" असं सरसकट सांगू नका. प्रत्येक बाईला तिची वेळ लिहून द्या. त्याला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. एक कागद आणि एक पेन लागतं. एवढं मागायला आपण बिचकायचं कशाला?

आता तुमचे प्रश्न घेऊ.